ज्या स्पंजाची मला किळस आली

मित्रांनो, बुटांच्या खोक्याएवढा, राखाडी रंगाचा, समोर दोन गोल बटणं आणि एक काटा असलेला मी एक जुना स्टिम्युलेटर आहे. निपचित पडलेल्या स्नायूंना विजेचे बारीक झटके देऊन हलवायचं, हे माझं काम. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात तुम्ही मला पाहिलं असेल. माझी गोष्ट ऐकायला छान नाही. तिच्यात घाण आहे, आणि ती मी लपवणार नाही.

माझा जन्म नाशिकच्या अंबडमधल्या एका छोट्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात तारा जोडणाऱ्या बाईंनी प्रत्येक सांधा दोनदा तपासला होता. तिथून मी पंचवटीत, डॉक्टर तेजस्विनी यांच्या दवाखान्यात गेलो. सगळे त्यांना ताईच म्हणत.

ताईंची एक सवय होती. माझ्या रबरी पट्ट्यांखाली ठेवायचे स्पंज त्या प्रत्येक रुग्णानंतर साबणाने धुवायच्या आणि खिडकीतल्या उन्हात वाळत घालायच्या. पट्टी लावण्याआधी रुग्णाला डोळे मिटायला सांगून, एक गरम आणि एक गार पाण्याची काचेची नळी त्याच्या कातडीला लावायच्या. "गरम कुठली, गार कुठली?" असं विचारायच्या. बरोबर उत्तर आलं, म्हणजे कातडीला जाणीव आहे असं कळलं, तरच माझं बटण फिरायचं.

त्यांच्याकडे येवल्याहून वाल्मीक नावाचे एक विणकर एसटीने यायचे. मोटरसायकलवरून पडून त्यांचा उजवा दंड मोडला होता. हाड जुळलं, पण हाडाला लगटून जाणारी नस दुखावली होती. मनगट खाली लोंबायचं, बोटं उचलली जात नव्हती. पैठणी विणणाऱ्या माणसाला मागावर आडव्या धाग्याचा धोटा टाकता येईना, म्हणजे काय झालं ते तुम्हाला कळेल.

नस दुखावलेल्या स्नायूला झटका लांब आणि सावकाश द्यावा लागतो. नस शाबूत असेल तर आखूड आणि भराभर. ताई पेनासारख्या टोकाने हातावर नेमकी जागा शोधायच्या. ती सापडली की अगदी थोड्या करंटमध्ये मनगट वर यायचं. मग त्या म्हणायच्या, "वाल्मीकभाऊ, यंत्र उचलतंय तेव्हा तुम्हीही उचला. नुसतं बघत बसू नका."

असे तीन महिने गेले. एके दिवशी त्यांचं मनगट बोटभर वर आलं आणि तसंच थांबलं.

"ताई, हे तुम्ही केलं का मी?" वाल्मीकभाऊंनी विचारलं.

"बटण मी मघाशीच बंद केलंय," ताई म्हणाल्या.

वाल्मीकभाऊ बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. त्यांनी डाव्या हाताने माझ्या पत्र्यावरून एकदा बोटं फिरवली आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. पुढे ते पुन्हा मागावर बसले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

काही वर्षांनी ताईंना मालेगावच्या एका दवाखान्यात काम मिळालं. तिथे नवी यंत्रं होती. मला एका व्यापाऱ्याने नेलं आणि नाशिकच्याच कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका केंद्राला विकलं. केंद्राचे मालक होते समाधान. ते डॉक्टर नव्हते. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पडल्या पडल्या पोट कमी, सुन्न पाय पुन्हा जिवंत.’

पहिल्याच दिवशी माझा स्पंज एका गृहस्थांच्या घामट पोटावर बांधला गेला. तोच नंतर एका बाईंच्या कमरेवर गेला. तिसऱ्या माणसाच्या पाठीवर खाजून खाजून लाल झालेले गजकर्णाचे चट्टे होते. त्यांच्यावरही तोच. मग चौथा, पाचवा. संध्याकाळी तो न धुता, न पिळता, प्लास्टिकच्या डब्यात कोंबला आणि झाकण लावलं. दोन दिवसांत त्याला शेवाळी रंग आला. आठवड्याने तो बोटाला बुळबुळीत लागू लागला. त्याला तेलाचा, घामाचा आणि नासलेल्या दुधासारखा वास यायचा. मित्रांनो, मला नाक नाही. पण तो वास येताच माणसं तोंड फिरवायची, आणि ते मी रोज पाहायचो. मला माझ्याच तारांची किळस येऊ लागली.

त्याहून जास्त किळस मला मोजण्याच्या टेपची यायची. माझ्या झटक्यांनी पोटाचे स्नायू हलतात, पण त्याने चरबी वितळत नाही. समाधान आधी पोट मोजताना टेप सैल धरायचे आणि नंतर करकचून आवळायचे. "बघा, पहिल्याच दिवशी दोन इंच गेले," म्हणायचे. माणूस खूश होऊन जायचा.

तिथे पट्ट्या लावायचं काम पायलकडे होतं. नांदगावची, तिशीतली, आधी कापडाच्या दुकानात नोकरी करणारी. समाधान यांनी तिला दोन दिवसांत सगळं शिकवलं होतं. सगळं म्हणजे एवढंच, की बटण फिरवायचं आणि माणूस ‘बास’ म्हणाला की थांबायचं. तिने एकदा विचारलं होतं, "सर, हे स्पंज धुवायचे ना?"

"धुतले की फाटतात. पाणी मारायचं वरून," समाधान म्हणाले.

आणि पायलने ते ऐकलं. तिचाही मला राग आहे. तिला वास येत होता.

एका सोमवारी मखमलाबादकडच्या चंद्रभागा नावाच्या आजी आल्या. गुलाब आणि झेंडू पिकवून फुलबाजारात विकणारं घर त्यांचं. बारा वर्षं साखरेचा आजार, त्यामुळे पावलं बधिर झालेली. दारावरची पाटी वाचून सून सुवर्णा त्यांना घेऊन आली होती.

त्या दिवशी पायलने मला सलग वाहणाऱ्या करंटवर लावलं. हा करंट झटका देत नाही, नुसता वाहत राहतो. स्पंज जाड आणि नीट ओला असेल तरच तो सुरक्षित, नाहीतर कातडी भाजते. माझा स्पंज मधोमध झिजून पापुद्र्यासारखा झाला होता. रबर फाटून आतली धातूची जाळी उघडी पडली होती. गरम-गार पाण्याची नळी त्या खोलीत कधी आलीच नव्हती.

"लागतंय का आजी?" पायलने विचारलं.

"काहीच लागत नाय बाई."

पायलने बटण पुढे फिरवलं. माझा काटा वर चढला.

"आता?"

"नाय गं. आसं वाटतंय, तू लावलंच नाय."

समाधान दारातून म्हणाले, "वाढव की मग. जुना आजार आहे, जास्तच लागणार."

तिने आणखी फिरवलं. वीस मिनिटं तो करंट त्या पावलातून वाहत राहिला. आजी सुनेशी फुलांच्या तोडणीविषयी गप्पा मारत होत्या. स्पंजाखालची कातडी पांढरी पडत गेली, आणि ती ज्याच्यामुळे पडत होती तो मी होतो. माणसाने फिरवलेलं बटण यंत्राला मागे घेता येत नाही. मित्रांनो, त्या दिवशी मला स्वतःची जितकी किळस आली, तितकी त्या बुळबुळीत स्पंजाचीही कधी आली नव्हती. स्पंज काढला तेव्हा पायलला तळव्यावर रुपयाएवढा पांढरा डाग दिसला. तिने त्यावर पटकन मोजा चढवला.

तिसऱ्या दिवशी सुवर्णा एकटीच आली.

"तळवा काळा पडलाय. पाणी येतंय त्यातून. वास मारतोय."

"साखरवाल्यांना होतं असं आपोआप," समाधान म्हणाले. "इथे काही झालं नाही. पायल, सांग त्यांना."

पायल माझ्याशेजारी उभी होती. तिने एकदा स्पंजाच्या डब्याकडे पाहिलं.

"इथेच झालं," ती म्हणाली. "आजींना लागत नव्हतं, म्हणून मी वाढवत गेले. डाग मी त्याच दिवशी पाहिला होता आणि मोजा घालून झाकला. सुवर्णाताई, त्यांना आजच मोठ्या दवाखान्यात न्या. मी येते बरोबर. काय लावलं होतं, किती लावलं होतं, ते मी सांगते डॉक्टरांना."

"गेलीस तर परत येऊ नकोस," समाधान म्हणाले.

पायलने खुंटीवरची पर्स घेतली आणि ती सुवर्णाच्या मागे निघून गेली. समाधान यांनी स्पंज उलटा केला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

दीड महिन्याने तपासणीसाठी आरोग्य खात्याचे अधिकारी आले. तक्रार पायलने स्वतः लिहून दिली होती, आपल्या चुकीसकट. अधिकाऱ्यांबरोबर ती होती, सुवर्णा होती, आणि काठी टेकत चंद्रभागा आजी होत्या. पायाला जाड पट्टी होती. जखमेत जंतू गेले आणि डॉक्टरांना पायाची दोन बोटं काढावी लागली, हे मला तेव्हा कळलं.

"आजी, हेच का ते यंत्र?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हेच. पन त्याला काय इचारता? तो डबा द्या हिकडं."

डब्याचं झाकण निघालं. आयुष्यभर पहाटेच्या फुलांच्या ओझ्यात नाक घालून वावरलेल्या त्या बाईने स्पंज दोन बोटांनी उचलला, नाकाजवळ नेला आणि लगेच लांब धरला. मग तो समाधान यांच्यासमोर नेला.

"घे. तू घे वास."

समाधान मागे सरले.

"आमच्या म्हशीला पुसायचं फडकं याच्यापरीस सोच्छ असतंय," आजी म्हणाल्या. "हे तू माझ्या पायाला लावलं."

पायल खाली मान घालून रडत होती. आजींनी तिच्याकडे पाहिलं, पण तिला जवळ घेतलं नाही. "तू बोलली म्हनून पाय तरी राहिला," एवढंच म्हणाल्या.

केंद्राला टाळं लागलं. मी आता सरकारी कपाटात आहे, पुरावा म्हणून. माझ्या पट्ट्या कुणी पुसल्या नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं वाईट नसतात. स्वच्छ स्पंज आणि शिकलेला हात मिळाला तर आम्ही माणसाला पुन्हा कामाला लावतो. म्हणून तुमच्या घरातल्या कुणाला अशा ठिकाणी नेलं, तर तुम्ही सोबत जा. स्पंज मागून घ्या आणि त्याचा वास घ्या. लावणारा माणूस काय शिकलाय ते विचारा. मोठी माणसं रागावली तरी विचारा. आणि यंत्र चालू असताना तुमची आजी ‘काहीच लागत नाही’ म्हणाली, तर बटण वाढवू देऊ नका. तिथल्या तिथे बंद करायला लावा.