व्हर्लीनची सही

अमेरिकेत, आमच्या मिसिसिपीतल्या कोंबडीच्या कारखान्यात लघवीला जायचं तरी मुकादमाची परवानगी लागते, आणि ती मिळेलच असं नाही. कोंबड्या पुढे सरकवणारा पट्टा थांबत नाही. एखादीच्या हाताला गोळा आला, तर शेजारीण मुकाट्याने तिच्या वाटणीची कोंबडीही कापते. एवढाच काय तो आधार.

व्हर्लीन पिकेन्सच्या शेजारी उभी असायची ग्वाटेमालाहून आलेली मिकाएला. दोन वर्षं झाली, पण व्हर्लीन तिच्याकडे बघून कधी धड हसलीही नव्हती.

शनिवारी मुकादम रँडलने व्हर्लीनच्या हातात कागद दिला. ‘मिकाएला न विचारता पट्टा सोडून गेली.’ खाली साक्षीदाराची जागा रिकामी.

“सोमवारी सही करून आण. तिला काढायचंय. तुझी मनगटं कामातून गेलीत ना? तुला पॅकिंगला खुर्चीवर बसवतो.”

लघवीला जाण्याआधी मिकाएलाने तीनदा हात वर करून विचारलं होतं. व्हर्लीनने स्वतः ऐकलं होतं!

रविवारी आमच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये प्रार्थनेनंतर जेवणं चालली होती. पांढरा झगा, पांढरी टोपी घातलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या मदर ओझेलांपुढे, चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईंपुढे, व्हर्लीनने कागद ठेवला.

“करून टाकू का हो सही? हे परदेशातले लोक आले नि आमचे पगार घसरले. काळ्यांच्या हक्कांसाठी मार आपण खाल्ला, तुरुंगात आपण गेलो. यांनी काय केलं?”

“पगार तिने पाडला, की मालकाने?”

मदर ओझेलांनी कागद बाजूला सारला.

“मी मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले ना, तेव्हा मी राबायचे त्या मळ्याच्या गोऱ्या मालकानेही असाच कागद काढला होता. ओझेला कामचोर आहे म्हणून. सही कुणी केली असेल?”

“कुणीतरी गोऱ्याने.”

“माझ्या सख्ख्या मावशीने! तिला मालकाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं, मला गाव सोडावं लागलं. वाईट नव्हती गं ती. दमली होती, तुझ्यासारखीच. वर्षभरात तिलाही हाकललं. तिच्या बाजूने बोलायला तेव्हा उरलं होतं कोण?”

व्हर्लीनने कागदाची घडी घालून तो परत पर्समध्ये ठेवला.

सोमवारी पट्टा सुरू झाला आणि तासाभरात तिची बोटं आखडली. कोंबडी पुढे सरकणार, तोच बाजूने सुरी आली. मिकाएलाने तिचीही कोंबडी कापली. कागदाची कुणकुण तिलाही लागली होती, तरी कापली! दोन वर्षं ती हेच करत आली होती, मुकादमाला पत्ता लागू न देता. व्हर्लीनला स्वतःचीच लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत तिने कागदावरची ओळ खोडली आणि खाली लिहिलं, ‘तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नाही म्हणालात. मी ऐकलं.’ मग सही केली. कागद टेबलावरून फिरला. आमच्या बायकांनी सह्या केल्या, ग्वाटेमालाच्या बायकांनीही केल्या. अकरा जणी!

रँडलने कागद वाचला. “खुर्ची विसर आता.”

“विसरले,” व्हर्लीन म्हणाली.

मिकाएलाची नोकरी तूर्त टिकली आहे. उद्याचं कुणी सांगावं? व्हर्लीन अजून उभीच असते, रोज मनगटं शेकते. पण आता शेजारणीशी मोडकंतोडकं बोलते.

मंडळी, आपल्या वाडवडिलांनी हक्क मिळवले ते आत शिरून दाराला कडी लावायला नव्हे. दुबळ्याला दुबळ्याविरुद्ध साक्षीला उभं करणारा कागद कधी ना कधी तुमच्याही हातात येईल. सही करण्याआधी एवढंच विचारा, उद्याच्या कागदावर नाव कुणाचं असेल?