माझ्या अंगावरचं जहाज

मी पडदा बोलतोय. दारावर लोंबणारा नव्हे आणि नाटकातला वर-खाली होणाराही नव्हे. मी चित्र झेलणारा पडदा. बुडालेलं टायटॅनिक जहाज सोलापूरच्या एका गल्लीत ज्याच्या अंगावर उभं राहिलं, तो मी.

माझा जन्म यंत्रमागावर झाला. आमच्या कारखान्यात फुलांच्या आणि मोरांच्या चादरी निघायच्या. त्यांची घडी उलगडली की गिऱ्हाईक लगेच हात फिरवून बघायचं. मी मात्र कोरा, पांढरा. मला मंजुनाथनं विणलं. ताण्यातला एक धागा जरी तुटला तरी तो माग थांबवायचा, धागा सांधायचा आणि मगच पुढे जायचा. म्हणून माझ्या अंगावर आजही एक रेघ सापडणार नाही. कुणाला शोधायची असेल तर त्यानं खुशाल शोधावी!

एका लॉजनं पलंगावर घालायला आमचा गठ्ठा मागवला आणि मग नको म्हणून परत पाठवला. कितीतरी दिवस मी गोदामात धूळ खात पडलो. शेवटी मालकानं मंजुनाथला सांगितलं, "घेऊन जा घरी, कशाला तरी होईल."

मंजुनाथच्या घरात सगळे ओरडून बोलतात. दिवसभर मागाच्या खडखडाटात काम केलं की घरी आल्यावरही आवाज खाली येत नाही. अशा घरात चंद्रिका नावाची त्याची मुलगी होती, नववीतली, आणि ती जवळजवळ बोलतच नसे. जेवण झालं की ती बाबांचा मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसायची आणि एकाच जहाजाचे माहितीपट बघायची. जुने, नवे, जे मिळतील ते. समुद्राच्या तळाशी, जवळजवळ चार किलोमीटर खोल, जिथे उजेडाचा कणही पोहोचत नाही, तिथे माणसांनी दिवे आणि कॅमेरे कसे नेले, ते ती पुन्हा पुन्हा बघायची.

बघता बघता तिला एक गोष्ट दिसली. जुन्या माहितीपटात जहाजाच्या नाकाडाचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, कठडा सलग होता. अलीकडच्या माहितीपटात त्याचा एक मोठा भाग गळून पडलेला होता. लोखंड खाणारे बारीक जीव त्या जहाजाला हळूहळू संपवत होते. हे कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटायचं. पण वर्गात ती उभी राहिली की शब्द घशातच राहायचे.

तिच्या शाळेतल्या प्रदीप सरांनी गल्लीत त्याच जहाजाचा माहितीपट दाखवायचं ठरवलं. निवेदन इंग्रजीत होतं, म्हणून मराठीतून सांगणारं कुणीतरी हवं होतं. तिच्या वहीभर तेच जहाज असतं हे सरांना माहीत होतं, म्हणून त्यांनी चंद्रिकाला विचारलं. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "मी सांगेन सर. पण पडद्यामागं बसून."

त्या एका वाक्यानं मी गोदामातला माल उरलो नाही. मंजुनाथनं माझे दोन पन्हे जोडून मधोमध शिवण घातली. त्या जहाजाचे बुडताना दोन तुकडे झाले होते. मी मात्र दोन तुकड्यांचा एक झालो आणि कडुलिंबाच्या झाडापासून विजेच्या खांबापर्यंत ताठ उभा राहिलो.

दिवस मावळला. चटया अंथरल्या गेल्या. पुढच्या रांगेत विड्या वळणारी निंगव्वा बसली. या गल्लीत तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. माझ्यावर निळं-काळं पाणी पसरलं, तशी ती म्हणाली, "आमच्या नळाला चार दिसांनी पाणी येतंय, आन् हितं बघा, निस्तं पाणीच पाणी!"

वारा आला की मी फुगायचो. मग जहाजही डुलायचं. "चाललं की बुडालेलं जहाज!" मागून कुणीतरी ओरडलं आणि गल्ली हसली.

माझ्या पाठीमागे स्टुलावर चंद्रिका बसली होती. हातातला माइक घामानं ओला झाला होता. मी पातळ असल्यामुळे चित्र तिला मागूनही दिसत होतं. ती बारीक आवाजात सांगू लागली आणि माणसं ऐकू लागली.

मग ती जागा आली. तिनं आणि सरांनी दोन माहितीपटांतली चित्रं शेजारी शेजारी लावली होती, डावीकडे जुनं आणि उजवीकडे नवं. पण मागून बघणाऱ्याला माझ्यावरचं सगळं उलटं दिसतं. घरी पाठ केलं होतं "डावीकडे जुनं", आणि समोर जुनं तर उजवीकडे दिसत होतं. तिला वाटलं, आपलं पाठांतर चुकलं. तिनं डोळ्यांवर विश्वास ठेवला.

"उजवीकडे जुनं चित्र आहे," ती म्हणाली. "डावीकडे आताचं. बघा, आता कठडा गळून पडलाय."

पुढे बसलेल्यांनी बघितलं. डावीकडे कठडा धड होता.

"गळलाय कुटं? चांगला हाय की!"

"उजवीकडं मोडका, डावीकडं धड. म्हंजे जहाज वरचेवर नवं व्हायला लागलंय व्हय?"

"पाण्याखाली गवंडी लागलेत वाटतं!"

गल्ली लोटपोट झाली. माझ्यामागचा आवाज बंद पडला. माइक तिच्या मांडीवर पडला होता. इतके दिवस जी एक गोष्ट तिला सांगायची होती, तीच उलटी होऊन लोकांपर्यंत गेली होती. तिनं स्टूल मागे सरकवलं. आता ही घरी पळणार, असंच मला वाटलं. मी फडफडलो, पण मला हात कुठे आहेत धरून ठेवायला?

"ए अव्वा, ए पोरी," निंगव्वाचा आवाज आला, "मागं बसून तुला काय दिसतंय? फुडं ये. आमाला दिसतंय ते तू बी बघ."

मग माझी कड उचलली गेली आणि चंद्रिका खालून वाकून पुढे आली. प्रोजेक्टरचा झोत थेट तिच्या तोंडावर आला. तिची सावली जहाजावर पडली.

"सावली पडतीया, बाजूला हो!" कुणीतरी ओरडलं.

"पडू दे की," निंगव्वानं त्याला गप्प केलं.

चंद्रिकानं डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. तिच्या सगळं लक्षात आलं. "मला मागून उलटं दिसत होतं," ती माइकशिवायच म्हणाली, आणि मंजुनाथच्या घराण्याचा आवाज पहिल्यांदा तिच्या गळ्यातून निघाला. "हे जुनं. हे आताचं. इथला कठडा होता, आता नाही. जहाज नवं होत नाहीये, संपत चाललंय. आपण चित्रात बघतोय तेवढंच राहणार."

मग तळावरची वाळू दिसली आणि तिनं बोट टेकवलं. "इथं बघा, बुटांचा जोड आहे."

"आन् माणूस?" निंगव्वानं विचारलं.

"माणूस पाण्यानं नेला. कमावलेलं कातडं तेवढं टिकलं."

निंगव्वानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले. मागच्या रांगेत मंजुनाथ उभा होता. तो एरवी शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलतो, पण त्या वेळी तो शेजाऱ्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "माझी पोरगी हाय."

आता मला गल्लोगल्ली बोलावणं येतं. लिंबाचा चीक आणि खांबाचा गंज अंगाला लागलाय. तिनं जिथे बोट टेकवलं, तिथे घामाचा एक पिवळट डाग आहे. मोरांच्या चादरी पलंगावर माणसं झोपवतात, मी मात्र अख्ख्या गल्लीला जागं ठेवतो, असं मी त्यांना सांगणार आहे, कधी भेटल्या तर.

तुमच्या गल्लीत मला टांगाल तेव्हा एवढंच करा. मध्येच कुणी उठून पुढे आलं आणि त्याची सावली माझ्यावर पडली, तर लगेच ओरडू नका. थोडं थांबा. त्याला कदाचित काहीतरी दाखवायचं असेल.