दोरा बांधलेला संगणक

मी संगणक बोलतोय. गारखेड्यात सोमनाथच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा. जुना आहे, ते मान्य. पण निकामी म्हणाल तर ऐकून घेणार नाही.

मी कुठल्या मोठ्या कारखान्यातून आलेलो नाही. डबा एकीकडचा, बोर्ड दुसरीकडचा, पंखा तिसरीकडचा. मुबारकनं त्याच्या दुकानात, स्क्रू ओठांत धरून, मला उभं केलं. बटण दाबताच मी सुरू झालो. तो सोमनाथला म्हणाला, "घेऊन जा बिनधास्त. लोखंड आहे लोखंड." हे शब्द माझ्या ध्यानात राहिले. त्याच्या राहिले नाहीत.

घरी आल्यावर सोमनाथनं पहिला अर्ज भरला तो नोकरीचा. नोकरी लागली. त्याची आई द्वारकाबाई मूळची फुलंब्रीकडची. ती म्हणाली, "याचा पायगुण लई चांगला." मला पाय नाहीत. तरी पायगुण पदरात पडला.

त्या वर्षीपासून खंडेनवमीला विळा, खुरपं, कुऱ्हाड यांच्या रांगेत मीही बसू लागलो. द्वारकाबाई मला हळदकुंकू वाहायची, डोक्यावर अक्षता टाकायची, पोटाभोवती लाल दोरा गुंडाळून घट्ट गाठ मारायची. तो दोरा पुढच्या खंडेनवमीलाच सुटायचा, आणि सुटला की लगेच नवा. मधे कुणी हात लावायचा नाही. त्यामुळं माझं झाकण कधीच उघडलं गेलं नाही. डोक्यावर जाळी आहे. वाहिलेलं सगळं त्या जाळीतून आत जायचं. माणूस भक्तीनं देतो, तेव्हा नको म्हणता येत नाही.

मग सोमनाथच्या हातात मोबाईल आला आणि त्याला माझी गरज उरली नाही. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. माणसांची ही रीत मी पाहिली आहे. कामाचा तोवर पूजेचा, काम सरलं की दांडी.

मला पुन्हा कामाला लावलं ते मंजुषानं. ती सोमनाथची बायको. टॉवेल उचलून तिनं बाजूला फेकला, पदरानं माझा पडदा पुसला आणि बसली. रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबचे रिपोर्ट ती घरून टाईप करू लागली. गल्लीत कुणाची साखर वाढली ते तिला आणि मलाच ठाऊक. आम्ही दोघंही तोंड उघडत नाही. घरातली बाकी कामं सगळ्यांची म्हणून तिच्या अंगावर होती. हे एक काम तिच्या नावाचं होतं.

या दसऱ्यानंतर लॅबचा निरोप आला. सोमवारपासून जुन्या सिस्टीमवर काम उघडणार नाही. नवी सिस्टीम टाका. जमत नसेल तर सांगा, दुसरी मुलगी तयार आहे.

मंजुषानं त्याच दिवशी नवी सिस्टीम टाकायला घेतली. मी कंबर कसली. निम्म्यावर आलो आणि विझलो. पुन्हा सुरू केलं तर पडद्यावर जुनीच सिस्टीम. तिनं परत लावलं. परत तेच. टायपिंगला ताकद लागत नाही, ते मी रोज करत होतो. हे काम ओझ्याचं. पोटात आग पेटायची, आणि जळून जाण्याआधी मी स्वतःच बंद व्हायचो. ते पळून जाणं नव्हतं. जीव वाचवणं होतं.

सोमनाथ म्हणाला, "सोड आता. म्हातारा झालाय तो. सोमवारी सांगून टाक त्यांना."

"काय सांगू?"

"जमत नाही म्हणून."

"मला जमतंय," मंजुषा म्हणाली. "यालाही जमेल. मुबारकभाईंना बोलवा."

मुबारक आला. दोन वेळा लावून पाहिलं, दोन वेळा मी विझलो. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि झटकन काढला. "वहिनी, लई गरम होतो. बोर्ड गेला समजा. आता नवाच घ्या."

ज्यानं उभं केलं, त्यानंच मला आडवं केलं. मला तोंड असतं तर तिथंच सुनावलं असतं. अरे, आत डोकावून तरी बघ.

ते मंजुषाच बोलली. "उघडून बघा ना आधी."

मुबारकनं दोऱ्याकडं बोट दाखवलं. "हे काकूंचं आहे. मी हात नाही लावणार. पूजेची चीज आहे."

द्वारकाबाई दारातच उभी होती. "बरोबर बोलला मुबारक. दोरा सुटायचा नाय. पुढल्या खंडेनवमीपर्यंत नाय."

"आई, तोवर काम थांबतंय का माझं?"

"कामून हट्ट करती गं? माह्या लेकाची नोकरी याच्यामुळं लागली. त्याच्यासाठी बांधलाय तो."

"व्हय," मंजुषा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "त्यांची नोकरी लागली म्हणून बांधला. माझं काम हातातून चाललंय, तर सोडा की."

सोमनाथ खिडकीबाहेर बघू लागला. मुबारक पिशवीत काहीतरी शोधू लागला.

"विळ्याचीही पूजा करता," मंजुषा म्हणाली. "त्याची मूठ ढिली झाली तर दसऱ्याची वाट बघता का? दगडावर ठोकून घेता आणि लागता कामाला."

द्वारकाबाई पुढं आली आणि माझ्यासमोर बसली. गाठ तिनंच मारलेली, तरी नखांना दाद देईना. मुबारकनं कात्री पुढं केली. "कात्री ठेव तिकडं," ती म्हणाली. दातांत धरून तिनं गाठ सैल केली, दोरा काढला, मला नमस्कार केला आणि मुबारकवर खेकसली, "आता बसला कामून? उघड की!"

झाकण निघालं. आत धुळीची गादी, कुंकवाचा थर, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि मूठभर अक्षता. पंख्याच्या पात्यात तांदळाचे दाणे अडकलेले. पंखा दोन वेढे घ्यायचा आणि अडायचा.

मुबारक हसू दाबत म्हणाला, "काकू, याच्या पोटात तर पुलावाची तयारी आहे!"

"मग?" द्वारकाबाई म्हणाली. "उपाशी तर नाय ठेवला!"

मंजुषा इतकी हसली की खाली बसली. मुबारकनं ब्रशनं मला साफ केलं, पंख्याला तेलाचा थेंब दिला, मेमरीची एक पट्टी वाढवली. जाताना म्हणाला, "बोर्ड ठीक आहे. मी उगीच बोललो." माफी म्हणून मी तेवढ्यावर भागवलं.

रविवारी सिस्टीम पुन्हा लावली. निम्मं गेलं. पंखा फिरत होता. मी तापलो, पण विझलो नाही. मधेच पडदा काळा झाला तेव्हा सोमनाथ म्हणाला, "गेला." मंजुषानं त्याला हातानंच गप्प केलं. मी गेलो नव्हतो, उठून नवे कपडे घालत होतो. पडदा उजळला. नवी सिस्टीम माझ्या अंगावर चढली होती.

सोमवारी सकाळी लॅबमधून फोन आला. "जमलं का, की दुसरीला देऊ?"

"पहिला रिपोर्ट पाठवलाय," मंजुषा म्हणाली. "उघडून बघा."

आता मी सुरू व्हायला वेळ घेतो. नवी सिस्टीम जड आहे, आणि मी ते लपवत नाही. मंजुषा तेवढ्यात चहा ठेवून येते. मग आमचं दोघांचं काम सुरू होतं ते दुपारपर्यंत. सोमनाथ कधीकधी नव्या लॅपटॉपच्या जाहिराती आणून दाखवतो. ती बघतही नाही. तिनं बघितल्या तरी माझी हरकत नाही. ज्या दिवशी खरंच दम संपेल त्या दिवशी मी स्वतः थांबेन, कुणाच्या सांगण्यावरून नाही.

तोवर माझ्याजवळ हळहळत येऊ नका. निरोप द्यायला आला असाल तर चप्पल घाला. काम घेऊन आला असाल तर खुर्ची ओढा.