लाल फडक्यातला पक्षी

"आला! पक्षी आला!" असा गलका झाला आणि केळीबाजारामागचं अख्खं मैदान टाचा उंचावून बघू लागलं. माझ्या धाकट्या बहिणीचा, म्बाम्बूचा हात वाकडा होत चालला होता. मनगट मुडपलं, अंगठा तळव्यात गेला, बोटं चोचीसारखी जुळली. तिच्या दंडावर प्रार्थनेने रोग बरे करणाऱ्या पापा जोसायाने लाल फडकं काठीचा पीळ देऊन आवळलं होतं आणि त्याची मंडळी स्तोत्र गात होती.

"बघा, गळ्यातलं पिशाच!" पापा गरजला. "डॉक्टरांनी गाठ कापली, पिशाच हातात उतरलं! डॉक्टरला नुसता चष्मा आहे, मला दृष्टी आहे!"

चौथं कडवं संपलं, फडकं सुटलं, हात उलगडला. मग 'डोंगराचं दूध' म्हणून पांढरं पाणी पाजलं. संध्याकाळपर्यंत तिच्या बोटांतल्या मुंग्याही उतरल्या. मी थेम्बो, शाळेत विज्ञान शिकवतो. खोटं कशाला बोलू, मीही हबकलो.

आमच्या डोंगरात गलगंड घरोघरी. म्बाम्बूची थायरॉइडची गाठ काढून दोन महिने झाले होते. तेव्हापासून आवाज घोगरा, ओठांभोवती नि बोटांत मुंग्या. शिवणकाम करणारी बाई, आणि सुई धरवेना. दवाखान्यातल्या तिच्याच वॉर्डात इथुंगू नर्स होती, लहानपणापासून आमच्याच ताटातला कसाव्याच्या पिठाचा बुंडू खाऊन वाढलेली. म्बाम्बू तिच्याकडे तीनदा गेली. तीनदा एकच उत्तर मिळालं, "नसा दुखावल्यात गं. त्याला औषध नाही. पापांकडे जा."

पापाची पहिली अट अशी, की शस्त्रक्रियेनंतर दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या त्याच्या टोपलीत टाकायच्या. त्या म्हणे पिशाचाला पोसतात. म्बाम्बू त्या आठवेल तेव्हाच घ्यायची, त्याही तिने टाकल्या. मग मुंग्या वाढल्या, आणि दर रविवारी दूध प्यायला जाणं आलं.

मी घड्याळ लावून बसू लागलो. फडकं आवळल्याशिवाय पक्षी कधी येत नसे. आला की दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यालाच, आणि तोही फक्त गळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना. शेवटी म्बाम्बूला घेऊन दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला आवळला. तीन मिनिटांत पक्षी हजर.

"सर, याला स्तोत्र लागत नाही," त्या म्हणाल्या. "थायरॉइडला चिकटून चार इवल्या ग्रंथी असतात. शस्त्रक्रियेत त्या दुखावल्या की रक्तातलं कॅल्शियम उतरतं आणि नसा चेकाळतात. दंड आवळला की हात असा वळतो. हिला गोळ्या दिल्या होत्या ना? कुणी बंद केल्या?"

दुसऱ्याच दिवशी रविवार होता; नव्या गोळ्या लागू पडायच्या आत मी मैदानात उभा राहिलो. "पापा, आज फडकं मी बांधतो."

"तू? चर्चची पायरी न चढणारा?" लोक हसले.

"म्हणूनच."

म्बाम्बूने हात पुढे केला. "बांध, दादा." मी फडकं आवळलं आणि माझ्या विद्यार्थ्यांना ओरडून सांगितलं, "सातचा पाढा म्हणा रे!" सात झाला, आठ झाला, नऊ झाला. बाराच्या पाढ्यात पक्षी आला. पिशाचाला पाढेही चालतात हे पाहून मागची एक म्हातारी फिसकन हसली.

मी फडकं सोडलं. टोपलीतली गोळी चुरून तिच्यावर लिंबू पिळलं, फेस आला. दुधात पिळलं, तसाच फेस: डोंगराचं दूध म्हणजे आमच्याच गोळ्या पाण्यात घोटलेल्या. पापा पडद्याआड सटकायला गेला म्हणून मी पडदाच ओढला. मागे खलबत्ता घेऊन इथुंगू बसली होती.

पापाचा मला राग आला नाही. भामट्याचा तो धंदाच. पण ही आमची इथुंगू होती.

"दवाखान्यात गोळ्या दिल्या तर तुम्ही उशीखाली ठेवता," ती म्हणाली. "इथे रांग लावून पिता. औषध पोटात गेलं ना? माझं चुकलं काय?"

म्बाम्बू पुढे झाली. त्या फाटक्या आवाजात तिला ओरडताही येत नव्हतं.

"तीनदा विचारलं मी तुला. मला वाटायचं, मी वेडी होतेय. हातातून पडेल म्हणून लेकीला उचलायचं सोडलं मी. आणि तुला ठाऊक होतं, इथुंगू. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

इथुंगूने बत्ता खाली ठेवला.

आता गोळ्या सुरू आहेत आणि मुंग्या गेल्या आहेत. आवाजाचं मात्र डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिथली नस दुखावली आहे. वर्षभरात सुधारेल किंवा नाही, आज सांगता येत नाही." म्बाम्बू घरी येताना मला म्हणाली, "दादा, पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी खरं बोललं."

लोकहो, दंडाला काही बांधलं तर का बांधलं ते विचारा. काही पाजलं तर त्याचं नाव विचारा. नाव न सांगणारा झग्यात असो, गणवेशात असो, की आपल्याच ताटात जेवलेला असो, त्याच्या हातचं पिऊ नका.