निळा आधी जातो

“अहो, हा शनी निळा का केलात?”

चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता बायकोने विचारलं. स्क्रीनवरची नजर न हलवता तो हसला. लग्नाला बावीस वर्षं झाली, ही बाई अजून गुरूला गोटी म्हणते.

“निळा? चष्मा पूस.”

“मला चष्मा नाहीये.”

“मग लावून घे.”

ती गेली. त्याने स्क्रीनवरची निळ्या रंगाची पट्टी आणखी एक घर पुढे सरकवली. शनी त्याला अजून नेहमीपेक्षा पिवळाच दिसत होता.

*

त्याच्या वहीतली नोंद : गच्चीवरून, संध्याकाळी सात. चार हजार चित्रं. हवा थरथरती. त्यातली स्थिर तीनशे निवडून एकावर एक रचली. कडांना धार दिली ती अगदी किंचित. रंग डोळ्याला दिसला तेवढाच.

या शेवटच्या वाक्यावर त्याची सगळी मिजास उभी होती. दिवसभर फोटो स्टुडिओत तो लोकांना गोरं करायचा, सुरकुत्या पुसायचा, कुणाची हनुवटी दोनाची एक करायचा. घरी आला की मात्र एक रेघ जास्तीची नाही. ग्रहांचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींचा एक ग्रुप होता. तिथे लोक धार वाढवत, रंग ओतत, आणि हा बिनदिक्कत लिहायचा, “हा गुरू आहे की वाढदिवसाचा केक?” रंगाच्या बाबतीत हात इतका आखडता, म्हणून त्यांनी त्याचं नाव ‘कंजूष’ ठेवलं होतं. तो ते नाव पदवीसारखं मिरवायचा. नवखी पोरं आपला फोटो टाकण्याआधी भीत भीत विचारत, “कंजूषकाका, जास्त नाही ना झालं?”

शनी त्याने ग्रुपवर टाकला. तासाभराने एकच उत्तर आलं.

“काका, तुम्हीसुद्धा?”

त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

*

स्टुडिओत मालकाने अल्बम उघडून त्याच्यापुढे सरकवला.

“ही नवरी आहे की नदीतून काढलेलं प्रेत?”

“प्रिंटर बिघडला असेल.”

“प्रिंटर तपासून घेतला. हा तिसरा अल्बम आहे. मुलीची आई इथे रडून गेली.” मग मालकाचा आवाज एकदम खाली आला. ओरडला असता तर परवडलं असतं. “डोळे दाखवून या. तोवर काउंटरवर बसा.”

*

“निळा आधी जातो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “साखरेने डोळ्यांचा पडदा खाल्लाय. दोन्हीकडचा.”

“मग?”

“मग बाकीचे रंग.”

“पण यांना कळलं कसं नाही?” बायकोने विचारलं.

“हळूहळू जातं ना. माणसाला वाटतं, जगच जुनं झालंय. इंजेक्शनांनी थोडं लांबवू. गेलेलं येत नाही.”

*

घरी येऊन त्याने दोन वर्षांची चित्रं ओळीने उघडली.

“कुठून बिघडलंय ते सांग.”

“राहू द्या ना आता.”

“सांग म्हणतो ना!”

तिने बोट ठेवलं. तिथून पुढे चौदा महिने. एकसष्ट चित्रं. तो एकेक पुसत गेला.

“अहो, किती खपलात त्यांच्यापायी!”

“खोटी आहेत.”

ओट्यावर दूध उतू गेलं, त्याचा वास आला, तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.

*

संध्याकाळी तो तिला गच्चीवर घेऊन गेला. दुर्बिणीला डोळा लावायची तिची ही पहिलीच वेळ.

“अगंबाई! खरंच कडं आहे की हो!”

“कडं राहू दे. रंग सांग.”

“लोण्यासारखा.” ती थांबली. “ताज्या नाही, दोन दिवसांच्या. मधे एक पट्टा जरा मळका.”

“नीट बघून ठेव. खाली गेल्यावर विसरायचं नाही.”

तिने इतका वेळ बघितलं की तिच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं.

खाली त्याने त्याच संध्याकाळची चित्रं रचली आणि पट्टीवर हात ठेवला. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

“मागे घ्या. अजून. अजून. अहो, फार झालं, एक घर पुढे. हां. हाच.”

“मला बरं वाटावं म्हणून म्हणत असशील तर—”

“बरं वाटावं म्हणून बोलायला मला कधी जमलंय?”

त्याने पाहिलं. त्याच्यासमोर एक शिळा, कळकट गोळा होता आणि भोवती सुतळीसारखं कडं. उजवा हात आपसूक निळ्या पट्टीकडे निघाला. त्याने तो मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हाताने चित्र जतन केलं.