तीन शाळांचा एक डोळा

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मायक्रोस्कोप म्हणालात तरी ओ देतो. मला डोळा एकच. पण मित्रांनो, हसू नका. तुमच्या दोन-दोन डोळ्यांना कांद्याच्या पापुद्र्यातली एक पेशी तरी दिसते का? मग!

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथला कारागीर भारी चिकाटीचा. काच घासायचा, उजेडाकडे धरायचा, नाक मुरडायचा आणि पुन्हा घासायचा. शेवटी एकदाची त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "जा बाबा, पुष्कळ पोरांना दाखव."

तिथून मी रस्त्याच्या वरच्या टोकाला असलेल्या मोठ्या शाळेत आलो. काय ते स्वागत! मुख्याध्यापक सरांनी स्वतः खोकं उघडलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण नव्याचे नऊ दिवस. एकदा कुणाचा तरी धक्का लागून मी टेबलावरून पडता पडता वाचलो आणि सरांनी धसकाच घेतला. मला कपाटात ठेवून कुलूप घातलं, वर चिठ्ठी डकवली: 'हात लावू नये.' तळहाताच्या फोडासारखं जपत ते मला. पाहुणे आले की लांबूनच दाखवत. पाहुणे म्हणत, "वा!" वा काय वा? डोळा लावून बघा की! बसून बसून माझ्या भिंगावर बुरशी धरू लागली. खरं सांगतो, मला रडू यायचं.

त्याच रस्त्यावर आणखी दोन शाळा होत्या. मधल्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई फार हुशार, पण त्यांच्या प्रयोगशाळेत चार परीक्षानळ्या आणि एक लंगडं स्टँड. खालच्या, लाँड्रीजवळच्या शाळेत तर विज्ञान शिकवायलाच कुणी नाही. तिथली मुलं पुस्तकातल्या आकृत्या पाठ करायची आणि धडाधड नापास व्हायची. मात्र तिथल्या चित्रकलेच्या सरांचा हात असा, की बघत राहावं. आणि आमच्या मोठ्या शाळेतली मुलं? त्यांचा अमीबा पायाखाली आलेल्या बटाट्यासारखा! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते हेच.

एक दिवस बाई तडक आमच्या सरांकडे आल्या. "सर, तुमच्याकडे यंत्र आहे, मी शिकवते, खालच्या शाळेतले सर आकृत्या शिकवतील. तिन्ही शाळांना मिळून शिकवू या की!" सरांनी आढेवेढे घेतले, पण ते बटाटे आठवून तयार झाले. बाईंनी माझी भिंगं स्वच्छ करून आणली आणि मी त्यांच्या स्कूटरवरून तिन्ही शाळांत फिरू लागलो. अंगाला टॉवेल, डोक्यावर त्यांच्या मुलाचं जुनं हेल्मेट. काय माझा थाट!

खालच्या शाळेत मला भिंगरी भेटली. एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. तिची आई लाँड्रीत इस्त्री करायची. भिंगरी विज्ञानात आधी एकदा नापास झाली होती. आईनं सांगून ठेवलं होतं, "यंदा पास झालीस तर पुढे शीक. नाहीतर माझ्याबरोबर कामाला चल. माझ्या एकटीच्यानं आता होत नाही गं." त्यामुळे पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

पहिल्याच दिवशी तिनं माझ्यातून बघून वहीत नुसत्या काळ्या, वाकड्या रेघा काढल्या.

"हा कांदा?" बाईंनी विचारलं.

"दिसलं तसं काढलं, बाई."

बाईंनी स्वतः बघितलं आणि त्या खो खो हसत सुटल्या. "अगं वेडे, या तुझ्याच पापण्या!"

वर्ग हसला, भिंगरी सगळ्यांत जास्त हसली. मग बाईंनी तिला माझा आरसा उजेडाकडे वळवायला शिकवलं. तिनं पुन्हा बघितलं आणि किंचाळलीच, "बाई, भिंत! विटांची भिंत दिसतेय!" त्या दिवसापासून ती माझ्यापाशी आली की हलायचं नाव घेईना. मला ती फार आवडली.

परीक्षा जवळ आली आणि माशी शिंकली. तिन्ही शाळांची प्रात्यक्षिकं एकाच दिवशी! सर म्हणाले, "आमचं यंत्र आमच्याकडेच राहील." झालं, मी परत कपाटात.

बाई भिंगरीला घेऊनच सरांच्या खोलीत आल्या.

"सर, आम्ही इथे येऊन परीक्षा दिली तर?" भिंगरीनं विचारलं.

"गर्दी होईल. धक्का लागला म्हणजे?"

भिंगरीनं माझ्याकडे बघितलं. "सर, तुम्ही यातून कधी बघितलंय?"

बाईंनी जीभ चावली. सर खोकले. "तसा... योग नाही आला."

पण त्यांनी कपाट उघडलं. भिंगरीनं मला दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी ठेवलं आणि बाईंनी आणलेली काचपट्टी लावली. सर वाकले.

"काळ्या रेघा दिसताहेत. बिघडलं वाटतं!"

"सर, तुमच्या पापण्या आहेत त्या. जरा मागे व्हा."

सर मागे झाले आणि मग कितीतरी वेळ हललेच नाहीत. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "आणि हे मी कपाटात ठेवलं होतं!" ते म्हणाले. "सगळ्यांची परीक्षा इथेच होईल. पाळीपाळीनं. आमची मुलं शेवटी बसतील."

परीक्षेच्या दिवशी भिंगरीची पाळी आली. तिनं आरसा वळवला, भिंग सावकाश खाली आणलं, आणि तिची आकृती बघून परीक्षकांनी दोनदा मान डोलावली. भिंगरी पास झाली! खालच्या शाळेतली बहुतेक मुलं पास झाली. आणि आमच्या मुलांचे अमीबाही अमीबासारखे दिसू लागले.

निकालाच्या दिवशी भिंगरी आईला माझ्याकडे घेऊन आली. आई हात मागे घेत म्हणाली, "नको बाई, काही मोडलं म्हणजे?"

"हात लावा, ताई," सर म्हणाले. "हात लावल्यानं नाही मोडत ते."

भिंगरीनं आईच्या पदराचा एक सुटा धागा माझ्याखाली ठेवला. आईनं बघितलं. "अगं बाई, हा तर दोरखंड!" मग ती सरळ झाली, डोळे पुसले आणि म्हणाली, "इस्त्रीचं माझं मी बघेन. तू शाळेत जा."

मित्रांनो, मला उचलताना दोन्ही हातांनी उचला. भिंगाला बोट लावू नका, मऊ कापडानं पुसा. पण जपायचं म्हणून कोंडून ठेवू नका. आता माझ्यासमोर तीन रंगांच्या गणवेशांची रांग असते. कोण कुठल्या शाळेचं, ते मला कळत नाही. मला दिसतो तो फक्त जवळ आलेला डोळा. चला, पुढचं कोण? ये, वाक.