खंडेनवमीला पूजेत बसलेला पाय

आबांचा उजवा पाय त्या सकाळी आमच्या देवघरासमोर चौरंगावर होता, दोन तलवारींच्या मधोमध. त्याला हळदकुंकू लागलं होतं, नडगीला झेंडूची माळ होती, अंगठ्यापाशी विडा-सुपारी. बाकीचे आबा हॉस्पिटलात होते.

घाबरू नका, पाय नकली आहे. मी पाच वर्षांची असताना आबांच्या स्कूटरला ट्रकनं उडवलं आणि त्यांचा गुडघ्याखालचा पाय गेला. तेव्हापासून ते हा लावतात. ग्वाल्हेरच्या टोपी बाजारात आमचं फेट्यांचं दुकान आहे. नवरदेवाला स्टुलावर बसवायचं आणि आबांनी त्याच्याभोवती गोल फिरत फेटा बांधायचा, अशी तिथली पद्धत. नवरदेवाचे मामा व्हिडिओ काढतात. कुणी म्हणालं की, "तुकोजीराव, आप भी बैठ जाइए", तर आबांचं उत्तर ठरलेलं: "बैठकर तो पट्टी बाँधते हैं, फेटा नहीं."

तर हे आबा अष्टमीला, घरात आम्ही सगळे धडधाकट असताना, स्वतः स्टूल लावून माळ्यावरच्या तलवारी काढायला चढले. आमचे पूर्वज फौजेतून दख्खनहून इथे आले, म्हणून तलवारी घरच्या कर्त्यानंच उतरवायच्या. तलवारी सुखरूप उतरल्या. आबा धाडकन उजव्या कुशीवर आले, आणि मांडीचं हाड खुब्याच्या सांध्यात जिथे बसतं तिथेच मोडलं. म्हणजे ज्या बाजूला पाय नाही, त्याच बाजूला! डॉक्टर म्हणाल्या, सांधाच बदलावा लागेल.

हॉस्पिटलवाल्यांनी आबांचं घड्याळ, चष्म्याची डबी आणि पाय एका पिशवीत घालून घरी पाठवून दिला. पिशवी उघडली आत्यासाहेबांनी.

आत्यासाहेब म्हणजे कुसुमताई, आबांच्या धाकट्या बहीण. खंडेनवमीला आमच्याकडे ज्याचं जे शस्त्र ते पूजेत बसतं. दुकानातल्या शिंप्याची कात्री बसते, बाबांचा लॅपटॉप बसतो, माझी फिजिक्सची वही बसते (मी स्वतः नेऊन ठेवते, त्या दिवशी अभ्यास नको). आत्यासाहेबांनी पिशवीतला पाय पाहिला, बूट-मोजा काढला, ओल्या फडक्यानं पुसला आणि म्हणाल्या, "दादा याच्यावर उभा राहून पोट भरतो. हेच त्याचं शस्त्र." आणि बसवला. मला तर ते इतकं आवडलं की मी फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. शिखाचं उत्तर आलं, "यार तेरे घर में क्या चल रहा है?"

तेवढ्यात बाबांचा फोन. "हर्षिता, आबांचा पाय घेऊन ये. लगेच."

"आता? ऑपरेशनला पायाचं काय काम?"

फोन डॉक्टर हेमांगींनी घेतला. त्या ग्वाल्हेरच्याच, मराठीच. "बेटा, नवा सांधा बसवताना पाय धरून आत-बाहेर फिरवावा लागतो. तुझ्या आजोबांचा गुडघ्याखाली पायच नाही, मग मी धरू काय? मांडीच्या हाडात खिळा ठोकून धरता येतं, पण हाड म्हातारं आहे, तडकलं तर? त्यापेक्षा त्यांचाच पाय लावू, निर्जंतुक कापडात गुंडाळू आणि दांड्यासारखा वापरू. लांबीही तिथल्या तिथे जुळवून बघता येईल."

"आणि उद्या केलं तर?"

"उद्या दसरा, थिएटर बंद. नंतरही लगेच नंबर लागेल असं नाही. या वयात खाटेवर पडून राहिलं की छाती भरते, मग उभं राहणं अवघड. आज करूया."

मी चौरंगाकडे वळले. आत्यासाहेब माझ्याआधीच तिथे उभ्या होत्या, दोन्ही हात पसरून, गोलकीपरसारख्या.

"पूजा उठवायची नाही. उद्या उत्तरपूजा झाली की ने."

"आत्यासाहेब, ऑपरेशन आज आहे!"

"मग डॉक्टरीणबाईंना दुसरा पाय शोधायला सांग."

मागच्याच महिन्यात मी शाळेच्या वादविवादात पहिली आले होते, त्यामुळे मला वाटलं की या बाईंना मी दोन मिनिटांत गुंडाळीन. मी म्हटलं की देव समजूतदार असतो. त्या म्हणाल्या, देव असतो, ट्रकवाले नसतात. आणि एकदम खाली बसल्या.

मग मला त्यांच्याकडून कळलं. अपघाताच्या दिवशीही खंडेनवमीच होती. आबांची स्कूटर अंगणात पूजेत होती, हार-बीर घालून. दाल बाजारातल्या कुणा सेठजीच्या मुलाचं लग्न ठरलं, फेट्यांचं काम मिळणार म्हणून आबांनी ती तशीच काढली आणि गेले. संध्याकाळी ते हॉस्पिटलात होते आणि हार रस्त्यावर.

"मी दादाला अडवलं नव्हतं," आत्यासाहेब म्हणाल्या. "या वेळी अडवणार."

वादविवादात दोन्ही बाजूंना गुण मिळतात, इथे आबांना फक्त खाट मिळणार होती. मी आबांनाच व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, ते एक आवाज देतील आणि काम होईल.

आबांनी चौरंग पाहिला, आपला पाय पाहिला, आणि त्यांचे डोळे भरून आले. "वा कुसुम! तलवारींच्या मध्ये!" मग म्हणाले, "बरोबर आहे तिचं. पूजेतला पाय उठवायचा नाही. परवा करू ऑपरेशन."

मागून बाबांचा आवाज, "आबा, हद करते हो आप!" आणि डॉक्टर हेमांगींचा, "कोणती पूजा?"

मी फोन बंद केला. एक भाऊ, एक बहीण, आणि मध्ये हार घातलेला पाय. मी चौरंगाभोवती एक फेरी मारली आणि मला दिसलं की चौरंग काही फार मोठा नाही.

"आत्यासाहेब, पाय उठवायचा नाही ना? ठीक. चौरंगच उचलू. पूजेसकट."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चौरंगाकडे. "तलवारी?"

"तलवारी पाटावर घरी बसतील."

"त्या उठवायला लागतील ना, बये!"

म्हणून तलवारीही आल्या.

ई-रिक्शावाल्यानं आमच्यासारखी सवारी बघितली नसणार. मागच्या सीटवर आत्यासाहेब, नऊवारी खोचून, समोरच्या सीटवर चौरंग, आणि तो धरून मी उकिडवी. नई सडकेवर गर्दी इतकी की रिक्शा मुंगीच्या चालीनं. एका दुकानातल्या काकूंनी लांबून हात जोडले, जवळ आल्यावर नीट बघितलं आणि हात हळूच खाली घेतले. कन्याभोजाहून परतणाऱ्या छोट्या पोरींची रांग "टाँग! टाँग!" ओरडत मागे धावली. आत्यासाहेब प्रत्येक खड्ड्याला सुपारी जागेवर ठेवत होत्या.

हॉस्पिटलच्या दारात गार्ड आडवा आला. "ये क्या है?"

"मरीज की टाँग," मी म्हणाले.

"और तलवार?"

"वो टाँग के साथ है."

त्यानं डोकं खाजवलं. तलवारी शेवटी त्याच्या केबिनमध्ये, त्याच्याच टेबलावर बसल्या, आत्यासाहेबांनी त्या न उचलता चौरंगावरून सरकवल्या (सरकवणं म्हणजे उठवणं नव्हे, म्हणे), शेजारी निरांजन ठेवलं आणि त्याला बजावलं, "भैया, हिलाना मत. दिया बुझ जाए तो जला देना." बिचारा सलाम करून बसला.

थिएटरबाहेर आबा स्ट्रेचरवर तयार होते, हिरव्या टोपीत. बाबा घामाघूम. एक वॉर्डबॉय पाय उचलायला वाकला तसा आत्यासाहेबांचा आवाज कॉरिडॉरभर गेला, "हात नाही लावायचा!"

डॉक्टर हेमांगी बाहेर आल्या. त्यांनी चौरंगावरच्या पायाकडे, त्यावरच्या कुंकवाकडे आणि माझ्याकडे पाहिलं. "मी निर्जंतुक म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

कुणीच हसलं नाही. चौरंग आत्यासाहेबांच्या नि माझ्या मध्ये लोंबकळत होता. त्यांनी दार अडवलं नव्हतं, पण पाय सोडतही नव्हत्या.

मग आबा बोलले. "कुसुम, तेव्हा मी स्कूटर चोरून काढली होती. तू आंघोळीला गेली होतीस. तू अडवणार कुठून?"

"दादा..."

"आज तुझ्यासमोर उचलतो. विचारून. तू अक्षता टाक, उत्तरपूजा इथेच कर. लावू का हात?"

आत्यासाहेबांच्या कमरेच्या पिशवीतून अक्षतांची पुडी निघाली. (म्हणजे घरूनच आणली होती! मला विचाराल तर त्यांनी रिक्शातच ठरवलं होतं.)

"आत नको, इथेच टाका!" डॉक्टर ओरडल्या. "आणि माझ्यावर नको!"

अक्षता पडल्या. काही डॉक्टरांच्या टोपीवरही. आम्ही चौरंग वर उचलला, आबांनी पडल्या पडल्या दोन्ही हातांनी आपला पाय घेतला, कपाळाला लावला आणि असे "हर हर महादेव!" गर्जले की शेजारच्या बाकावरचे अनोळखी नातेवाईक उठून उभे राहिले. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं तर जय माता दी केलं.

नर्सनं तो पाय धुतला आणि किती तरी वेळ धुतच राहिली. आतून तिचा आवाज यायचा, "मॅडम, बोटांमधून अजून कुंकू निघतंय!"

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर बाहेर आल्या आणि आत्यासाहेबांना म्हणाल्या, "तुमचं शस्त्र कामाचं निघालं. असा दांडा मला रोज मिळत नाही. लांबी अगदी बरोबर आली."

आत्यासाहेबांनी तिथेच बाकावर बसून तोंडाला पदर लावला. मला वाटलं, हसताहेत. हसत नव्हत्या.

दसऱ्याच्या संध्याकाळी फिजिओथेरपीवाले सर आले. त्यांनी आबांना पाय चढवला, वॉकर दिला आणि सांगितलं, "बस, खड़े होना है. पलंग के पास." आबा उभे राहिले. पांढरे पडले, दात आवळले, पण उभे राहिले. मग त्यांनी वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं.

"आज सीमोल्लंघन," ते म्हणाले.

"बाबूजी, नहीं!"

पण ते निघाले होते. सर एका बाजूनं, बाबा दुसऱ्या बाजूनं, मी सलाइनची बाटली उंच धरून मागे. दाराच्या पट्टीपाशी सरांनी हार मानली आणि ओरडले, "ठीक है, पर पहले ऑपरेशन वाला पैर!"

"कोणता?" आत्यासाहेब खुर्चीतून ताडकन उठल्या. "कोणता पाय आधी म्हणतो तो?"

"उजवा!" मी म्हटलं.

"मग टाक दादा," त्या म्हणाल्या. "उजवा चालतो."